इंदूमावशीची बिनआवाजी होडी

आवाज झाला की आमच्या खाडीचा पलीकडचा काठ मागे सरकायचा. इंजिन लावलं तर मैलभर, वल्हं आपटलं तर चार-पाच हात. माझी बायको वैजयंती चैत्रात बाळंतपणाला माहेरी गेली, ती पलीकडेच राहिली. दिवाळीपर्यंत तिच्या वाडीतले माड काडीएवढे दिसू लागले. देवळातली घंटा आम्ही केव्हाच काढून ठेवली होती.

मी इंदूमावशी कुबलकडे गेलो. होड्या बांधण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पायांकडे पाहिलं. हात घाई करतात, पाय करत नाहीत, असं तिचं म्हणणं पडलं.

तिने शिलाई मशीनचं पायडल होडीत बसवलं आणि साखळीने बाहेरच्या पात्यांच्या चाकाला जोडलं. साखळी खडखडली, म्हणून सुताची दोरी ओवली. लोखंडी दांडा कुरकुरला, म्हणून खोबरेल मुरवलेलं लाकूड घातलं. चाकाची पाती पाण्यावर थपथपू लागली, तेव्हा ती तीन दिवस तळ्यावर बदकांचे पाय बघत बसली. मग तिने होडीच्या तळाला दोन चामडी पंजे लावले. मागे जाताना ते उघडत, पुढे येताना मिटत, पाण्याबाहेर कधीच येत नसत.

दर चाचणीनंतर ती हात लांब करून पलीकडचा माड अंगठ्याच्या नखाशी मापायची. सातव्या खेपेला माड होता तेवढाच राहिला. तिचे हात सुकटीसारखे खरखरीत होते, आणि त्यांतून एवढी मऊ गोष्ट निघाली होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"आता बस," ती म्हणाली. "आणि बोलू नको."

दोघं निघालो. जवळ जाऊ तसा काठाचा कान तिखट होत गेला. माझा गुडघा कटकन वाजला आणि काठ वीतभर हटला. मावशीने गुडघ्याला खोबरेल चोळलं. सदरा सळसळला, मी तो काढला. तरीही काठ हळूहळू सरकतच होता. मावशीने फळीला लावायची तसा माझ्या छातीला कान लावला, नेमकी जागा शोधली आणि तळवा दाबून धरला. तिथला आवाजही थांबला. पाय चालत राहिले.

वैजयंती गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या खांद्यावर बाळ होतं. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. अंतर दोन हात उरलं. बाळाने डोळे उघडले, ओठ वाकडे केले आणि मोठा श्वास आत घेतला.