कोरडी माती

लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी मुकादमाने जावयाच्या हातातली झारी हिसकावून घेतली आणि सगळ्यांसमोर तिच्यातलं पाणी गटारात ओतून दिलं.

"पुन्हा दगडावर पाणी मारलंस तर गेटाबाहेर काढीन. चंद्रावर पाऊस पडतो का रे?"

गिरणीतले बाकीचे हसले. जावईही हसला, मग खोकत राहिला.

काळा दगड दळून तिथे चंद्रावरच्या मातीसारखी माती तयार करत. देशाला चंद्रावर तळ बांधायचा होता. तिकडे न्यायची यंत्रं, पोशाख, दारं आधी या मातीत तपासली जात. पाणी मारलं की धूळ बसायची, पण मातीच्या गुठळ्या होत आणि अख्खा घाणा परत येई. जावयाला इथे चिकटवला होता मुकादमानेच, साहेबांकडे शब्द टाकून.

जेवणाच्या सुट्टीत जावयाने तोंडावरचा फडका सोडून झटकला.

"मामा, तिथे जाऊन करायचं काय?"

"राहायचं."

"इथलं राहून झालं का?"

"दुसरे देश तिथे ठाण मांडणार आणि आपण खाली बसून टाळ्या वाजवायच्या? अक्कल गहाण टाकलीस काय?"

"टाळ्यांनाही दम लागतो मामा, म्हणून विचारलं."

मुकादमाने डबा बंद केला आणि उठून गेला.

थंडीत चंद्रतळाच्या कामावरच्या एक बाई गिरणी बघायला आल्या. चंद्रावरची धूळ काचेसारखी धारदार असते, छातीत रुतली की निघत नाही, असं त्यांनी सांगितलं. तिथे जाणाऱ्यांसाठी म्हणून खास मास्क बनवले होते. त्यातला एक त्यांनी मुकादमाला दिला, इतक्या वर्षांच्या कामाचा मान म्हणून. फोटो निघाला. बाई गेल्या आणि गिरणी पुन्हा सुरू झाली.

मुकादमाने मास्क बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवला, लेकीच्या लग्नाच्या फोटोशेजारी. आल्यागेल्याला तो कुलूप काढून दाखवी. "एक कण आत जायचा नाही," म्हणे, आणि पाहुण्याने हात पुढे केला की मागे घेई.

एकदा लेक माहेरी आली ती कपाटासमोरच उभी राहिली.

"बाबा, हा यांना द्या ना कामावर. खोकत रात्र रात्र बसून काढतात."

"मानाची वस्तू आहे ती. चार दिवसांत घामाने कळकट करील."

"धुऊन देईन मी."

"आणि लोक काय म्हणतील? सासऱ्याने जावयाला डोक्यावर बसवलाय. मी उभा जन्म दगडात काढला, मला काय झालं?"

त्याचा जन्म उघड्या खाणीत गेला होता आणि गिरणीत तो दारापाशी खुर्ची टाकून बसे. लेकीला ते ठाऊक होतं. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उठले होते, ते तिने बाहीने पुसले आणि चहा टाकायला आत गेली.

पुढच्या वर्षी जावई कामावर यायचा बंद झाला. जिना चढवेना, मग उशा लावूनही पडवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि घरी न्यायला सांगितलं.

मुकादम एका संध्याकाळी मास्क घेऊन लेकीच्या घरी गेला. पलंगाच्या कडेला बसून त्याने तो स्वतःच्या हाताने जावयाच्या तोंडावर चढवला, पट्टे नीट बसवले.

"आता बघ. एक कण जायचा नाही."

त्या जाड कापडातून हवा ओढायला जोर लागत होता. जावयाची छाती वर झाली, थांबली, पुन्हा धडपडली. त्याने चाचपडत पट्टा सोडवला आणि मास्क सासऱ्याच्या हातात दिला.

"राहू द्या मामा. खराब होईल."

मुकादमाने मास्कची आतली बाजू रुमालाने पुसली. घरी आल्यावर तो जागेवर ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं.

जावई त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी वारला. लेकीला तेव्हा सातवा महिना होता.