जोडीतली निरोगी बाई

"जे कळेल ते जसंच्या तसं मला सांगायचं, ललिता. मीठ-मिरची लावू नकोस, आणि साखर तर मुळीच घालू नकोस. साखर आमच्या घरचे घालतातच."

मुक्ताईचा हा आवाज ललिताबाईंच्या कानात इतका स्पष्ट उमटला, की समोर बसलेल्या डॉक्टर सृष्टी काय म्हणाल्या ते त्यांना ऐकूच आलं नाही. डॉक्टरांचे ओठ हलताना दिसत होते. टेबलावर एक कागद होता आणि त्यावर ललिताबाईंचंच नाव होतं. बाकी अक्षरं मुंग्यांसारखी इकडेतिकडे पळत होती.

"ललिताताई, ऐकताय ना आपण?"

"हो. परत एकदा सांगता का?"

डॉक्टरांनी परत सांगितलं. डाव्या स्तनातली जी बारीक गाठ सोनोग्राफीत दिसली होती, तिचा सुईनं काढलेला तुकडा तपासून आला होता. कॅन्सर निघाला होता. गाठ लहान होती, लवकर सापडली होती, उपचार नीट होतील असं डॉक्टर दोनदा म्हणाल्या.

"पण मी तर निरोगी म्हणून आले होते," ललिताबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. त्यांना इथं आणलं होतं मुक्ताईनं. हडपसरला औषधांच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या कंपनीत दोघी बावीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या राहिल्या. वय दोघींचं त्रेपन्न आणि वजन दोघींचं चौऱ्याऐंशीच्या आसपास. कंपनी बंद झाली तरी मांजरीच्या सोसायटीत समोरासमोरच्या इमारतींत राहायच्या. मुक्ताई मूळची अकोल्याकडची. गुरुवारी साबुदाणा खाऊन उपास करायची. ललिताबाई पौर्णिमेला विहारात जाऊन अष्टशील घ्यायच्या, दुपारी बारानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाला शिवायच्या नाहीत. "माझा उपास साबुदाण्याचा, तुझा बिनसाबुदाण्याचा, आणि काटा दोघींचा एकच आकडा दाखवतो," मुक्ताई म्हणायची. "वर कुणी मोजत नाही वाटतं."

दिवाळीनंतर मुक्ताईला गाठ निघाली. नवरा उत्तरेश्वर तिला "साधी गाठ आहे गं" असं सांगत राहिला. खरं काय ते तिला कळलं दवाखान्याच्या दारावरची कॅन्सरची पाटी वाचून. नवऱ्याचा हात सोडून ती त्या पाटीखाली किती वेळ उभी होती, हे तिनं ललिताबाईंशिवाय कुणाला सांगितलं नाही.

त्याच दवाखान्यात डॉक्टर सृष्टी एक अभ्यास करत होत्या. अंगावरची चरबी म्हणजे नुसतं ओझं नसतं, ती रक्तात हार्मोन सोडते, असं त्या समजावून सांगायच्या. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन तिच्यातलंच. पाळी थांबल्यावर थोडं इस्ट्रोजेनही तीच बनवते. शिवाय वजन वाढलं की शरीराला इन्सुलिनही जास्त लागायला लागतं. ही मापं कॅन्सर झालेल्या जाड बायकांत आणि न झालेल्या जाड बायकांत किती वेगळी असतात, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी प्रत्येक पेशंटला एक जोड हवी होती. वय तेच, वजन तेच, पण आजार नाही अशी बाई.

"आहे की माझ्याकडे!" मुक्ताई म्हणे खाटेवरूनच ओरडली.

त्या संध्याकाळी तिनं ललिताबाईंचा हात घट्ट धरला. केमोनं तिचे केस गेले होते, पण हातातली ताकद गेली नव्हती. "एकाच टेबलाशी उभ्या राहिलो, एकाच कॅन्टीनचे वडे खाल्ले. मग मलाच काहून? तुझ्या रक्तात नि माझ्या रक्तात काहीतरी फरक असणारच. तो एकदा कळू दे, मग मी कुणाला काही विचारणार नाही." तिनं अर्जावर सही केली होती, माझी मापं ललिताला दाखवायला हरकत नाही म्हणून. आणि मग ते मीठ-मिरचीचं बोलली होती. "शपथ घे."

"शपथ कशाला? रोज सकाळी घेतेच की."

यात अतिशयोक्ती नव्हती. आंघोळ झाली की बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचं, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते त्या इतकं पाळायच्या की मुक्ताई सगळ्या सोसायटीला सांगत फिरायची, "हिला भाजीला पाठवू नका. 'परवडत नाही' म्हणायच्या आधीसुद्धा पाकीट उघडून बघते!"

रक्त दिलं तो पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. रक्त घेणाऱ्या पायलनं विचारलं, "मावशी, कधीपासून उपाशी आहात?"

"काल दुपारी पावणेबारापासून."

"अहो, बारा तास पुरले असते!" सगळी खोली हसली होती. मग निरोगी बायकांची नियमाप्रमाणे तपासणी झाली, आणि तपासताना डॉक्टरांचा हात एका जागी थांबला.

हे सगळं आठवत ललिताबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. कंपनीत त्यांचं काम होतं पाकिटातला रिकामा खण शोधायचं. एखादी गोळी भरायची राहिली, तर हजार पाकिटांतून ते एक पाकीट या बोटांना न बघता कळायचं. सुपरवायझर रावसाहेब नव्या मुलींना म्हणायचे, यंत्र चुकेल, ललिताबाई चुकणार नाहीत. आणि स्वतःच्या अंगातलं काहीच या बोटांना कळलं नव्हतं.

"डॉक्टर, आमच्या दोघींच्या रक्तात फरक काय निघाला?"

"दोन बायकांवरून काही ठरत नाही हो. म्हणून तर दोनशे जोड्या घेतोय. एकेकीच्या आकड्यावरून तिला होईल की नाही, असं मला आजही सांगता येणार नाही."

"तरी सांगा. मी तिला शब्द दिलाय."

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. इन्सुलिन जवळजवळ सारखं होतं. लेप्टिन मुक्ताईपेक्षा ललिताबाईंचंच थोडं जास्त होतं.

"म्हणजे फरक नाहीच?"

"या दोन नावांत तरी सांगण्यासारखा नाही. आणि आता मला तुमचं नाव या यादीतून काढावं लागेल."

"काढून कुठं घालाल?"

डॉक्टर सृष्टींनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

बाहेर कागदांच्या खिडकीशी एक बाई घाई करत होती. "बसा," कारकून तिला म्हणाला, "रिपोर्टला पाय नसतात, पळून जात नाही." खिडकीजवळच्या बाकावर लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन अभय, ललिताबाईंचा मुलगा, बसला होता. आईचा चेहरा बघून तो उभा राहिला. त्यानं कागद वाचला. मग तो कितीतरी वेळ बॅगेची चेन उघडत आणि लावत राहिला.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, मुक्तामावशीला आत्ता काही सांगायचं नाही. परवा तिची तिसरी केमो आहे. ती पार खचेल."

"तिनं विचारलं तर?"

"खोटं बोल असं नाही म्हणत मी. फक्त टॉपिक काढू नको. प्लीज."

गाडी मगरपट्ट्याच्या पुढे आली आणि फोन वाजला.

"काय गं, गेली होतीस ना आज? कळला का फरक?"

ललिताबाईंनी तोंड उघडलं. "नाही. अजून आलं नाही काही," असं त्या म्हणाल्या.

"असू दे. आकड्यांचं काय घेऊन बसलीस! परवा तू शेजारी बस म्हणजे झालं. सुई टोचतात तेव्हा तुझा हात धरते ना, तेव्हा वाटतं, दोघींतली एक तरी शाबूत आहे."

फोन बंद झाला तरी ललिताबाईंनी तो कानाशी तसाच धरून ठेवला. किती सहज जमलं! जीभ अडखळली नाही की आवाज कापला नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पायाखालची जमीन गेली होती, पण तेव्हा आपण आपल्या जागी होतो. आता या गाडीत कोण बसलंय, तेच त्यांना कळेना.

"झालं ना?" अभय हळूच म्हणाला. त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे आंघोळ केली, मेणबत्ती लावली, हात जोडले. पहिलं शील म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरंही झालं. चौथं ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी आवाज बंद.

हात जोडलेलेच ठेवून त्या बसून राहिल्या. आपण मुक्ताईला जपण्यासाठी खोटं बोललो, असं काल दिवसभर त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. आता त्या ज्योतीपुढे तेही टिकेना. आपल्यालाही कॅन्सर आहे हे मुक्ताईला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. तोवर ते फक्त एका कागदावर होतं. जपलं होतं ते स्वतःला.

आणि उद्या केमोच्या खोलीत कुणीतरी मुक्ताईसमोर बोलून जाणारच. पायल बोलेल, नाहीतर एखादी यादी दिसेल. म्हणजे पुन्हा एक पाटी, आणि या वेळी ती मुक्ताईपुढे ललितानं धरलेली.

त्यांनी मेणबत्ती तशीच जळू दिली. कपाटातून फाईल काढली. आत दोन कागद होते, एक तुकड्याच्या तपासणीचा आणि एक डॉक्टरांनी हातानं लिहून दिलेल्या आकड्यांचा. ते एकावर एक सरळ लावले. अभय तोंडात ब्रश धरून दारात आला.

"आई, एवढ्या सकाळी कुठं?"

"समोर."

तो बघत राहिला. फाईलकडे, मग आईकडे. "चहा तरी घे."

"तिच्याकडे घेईन. आज दोघींचाही बिनसाखरेचा."

खाली पोरं शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर उत्तरेश्वर धुतलेले टॉवेल वाळत घालत होता. त्यानं वरूनच हात केला आणि आत तोंड करून सांगितलं, "अगं, ललिता येतेय."

ललिताबाईंनी फाईल छातीशी धरली, पदर सारखा केला आणि अंगण ओलांडायला लागल्या.