भागूबाईच्या ताटलीतलं दूध

शनिवारी सकाळी फुलंब्रीत भागूबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीसेक तान्ही लेकरं, त्यांच्या आया, आज्या, आणि सगळ्यांची तक्रार एकच: लेकरू दूध ओकतं, पाठ ताणतं, रडून जीव काढतं.

भागूबाई पडद्याआडून आली, ओठ मिटलेले. एका बाळाच्या बेंबीवर तिने तांब्याची नळी टेकवली, जोराने ओढलं आणि काळ्या ताटलीत पचकन थुंकली. पांढऱ्या गुठळ्या! अंगणभर "अगं बाई" झालं.

"बघा, नासकं दूध!" तिचा मुलगा धोंडिबा ताटली फिरवत ओरडला. "दवाखान्याच्या मशिनीला दिसत नाय, माझ्या मायला दिसतं! अंगारा नाय, धुपारा नाय, देवाचं नावबी नाय. निस्तं हाताचं कसब!"

हे शेवटचं ऐकून मी खूश झालो. आज सांगायला लाज वाटते. आम्ही बाबासाहेबांच्या धम्मातले, घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. एखाद्या बाबाने लिंबू पुढे केलं असतं, तर मी त्याला चारचौघांत झापलं असतं. पण इथे देवच नव्हता. शिवाय भागूबाई आमची जुनी दाई, माझे दोन्ही मुलगे तिच्याच हातावर झालेले. म्हणून दोन महिन्यांच्या नातीला, सायलीला, उस्मानपुऱ्यातल्या घरून इथे मीच आणलं. सून अमृता शाळेत विज्ञान शिकवते. ती नको म्हणत होती, तरी सोबत आली.

दर बाळाआधी भागूबाई पडद्याआड जाऊन यायची. सायलीच्या पोटातूनही गुठळ्या निघाल्या. एक तिच्या झबल्यावर सांडली. भागूबाई आत जाऊन आली, मग बोलली, "राजा, पोरीच्या आईचं दूध नासलंय. अंगावर पाजू नका. शेळीचं दूध पाणी घालून द्या, अन दर शनिवारी आणा."

अमृताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ऐक बाळा, अनुभवी बाई आहे."

तिने दोन आठवडे ऐकलं. तिच्या छातीत गाठी झाल्या, ताप आला. मोरीत बसून ती दूध पिळून टाकायची आणि बाहेर सायली भुकेने आकांत करायची. ओकणं थांबलं नाहीच, वर जुलाब लागले. शेवटी दवाखाना गाठला. सायलीचं वजन तीनशे ग्रॅम घटलं होतं.

"अंगावरचं दूध कोणी बंद केलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं.

"अहो, तान्ह्या बाळाच्या जठराचं तोंड सैल असतं, म्हणून दूध वर येतं. बाळ वाढत असेल तर घाबरायचं नाही. थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, वीस-तीस मिनिटं खांद्याशी उभं धरा, झोपवताना पाठीवरच झोपवा. उलटी हिरवी असेल, तिच्यात रक्त दिसलं, कारंज्यासारखी उडाली किंवा वजन घटलं, तर मात्र तडक दवाखान्यात या." मग अमृताला म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा छातीशी घे. दूध येईल."

घरी येताच अमृताने पिशवीच्या तळातून ते झबलं काढलं. वैतागून तिने ते न धुताच कोंबलं होतं. सिझेरियनच्या टाक्यांना लावायचं तपकिरी आयोडीन होतं, त्याचा थेंब तिने वाळल्या गुठळीवर टाकला. गुठळी काळीनिळी झाली. मग तिने वाटीत स्वतःचं दूध पिळलं. चारच थेंब आले. त्यांत आयोडीन तपकिरीच राहिलं.

"पप्पा, आयोडीन पिठूळ पदार्थातच निळं होतं. हा साबुदाणा नाहीतर भात आहे. त्या दिवशी सायलीच्या पोटात माझ्या दुधाशिवाय काही गेलंच नव्हतं." मग ती ढसाढसा रडली. "मला वाटत होतं, मीच माझ्या लेकराला विष पाजतेय."

पुढच्या शनिवारी भागूबाई ओठ मिटून बाहेर आली, तशी अमृता उठली. "आजी, आधी चूळ भरा. मग नळी लावा."

"मायचं मौन हाय!" धोंडिबा धावला. "बोलली की कसब जातं!"

"चूळ भरायला बोलावं लागत नाही."

कन्नडहून नातू घेऊन आलेली म्हातारी चतुराबाई म्हणाली, "भर की वो बाई, पाणीच तर हाय!"

भागूबाईने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या तिच्यापुढे धरला. तिने तोंड फिरवलं, ओठ सुटले आणि गालात धरलेला शिजवलेल्या साबुदाण्याचा गोळा लुगड्यावर पडला. अमृताने त्यावर आयोडीन टाकलं. निळा रंग सगळ्यांनी पाहिला. प्रत्येक बाळाआधी बाई पडद्याआड का जात होती, हे आता कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"राजा, समदी बाळंतपणं दवाखान्यात गेली रं," भागूबाई रडत म्हणाली. "दाराशी कोण येत नव्हतं."

"म्हणून माझी नात उपाशी ठेवलीस? तुझ्या भरवशावर मी माझी बायको तुझ्या हाती सोपवली होती गं!" मी ओरडलो.

परतताना जीपमध्ये अमृताने सायलीला माझ्याकडे दिलं. मग म्हणाली, "तिने फसवलं, ते कळलं. पण मी नको म्हणत होते, पप्पा. तुम्ही तिचं ऐकलं, माझं नाही."

मी सायलीला खांद्याशी उभं धरलं.

दहा-बारा दिवसांनी दूध पुरेसं येऊ लागलं. सायली आता अंगाने भरतेय, अजून ओकतेही. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे: देवाचं नाव घेतलं नाही म्हणून खोटं खरं होत नाही, आणि ते ओळखीच्या माणसाने केलं म्हणूनही होत नाही. जिथे तपासू देत नाहीत, तिथे लेकरू नेऊ नका. आणि घरातली बाई नको म्हणत असेल, तर का म्हणते ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.