मी वाहतो चार इमारतींचा उन्हाळा

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे! थांबा, थांबा, पंप म्हटल्याबरोबर कुठे निघालात? विहिरीवरचा नाही, आणि सायकलचा तर मुळीच नाही. वारज्याच्या पुढे हायवेला लागून एक आयटी कँपस आहे ना, त्याच्या प्लांटरूममधला मी. हिरवा रंग, अंगाने चांगला बैलाएवढा. एकदा तर माझ्यात आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत फक्त चार तास उरले होते! तेच सांगायला मी कधीचा उतावीळ झालोय, पण आधी मी कोण ते तरी ऐकाल की नाही?

माझं पोट ओतलं कोल्हापूरच्या फौंड्रीत आणि मोटर जोडली भोसरीच्या एका शेडमध्ये. तेव्हा पुण्यात काय धांदल होती म्हणून सांगू! बाहेरच्या देशांतली कामं धडाधड इकडे येत होती. काल जिथे ज्वारी डोलत होती, तिथे आज काचेची इमारत. आता काच म्हटली की ऊन आत येणार आणि माणसं उकडणार. मग काय, भिंतीभिंतीला एसीचे खोके! आतल्यांना गारवा आणि खाली रस्त्याने चालणाऱ्याच्या तोंडावर गरम फुंकर.

आमच्या कँपसवाल्यांनी मात्र डोकं चालवलं. गल्लीत पिठाची गिरणी एकच असते ना? घरोघरी कोणी गिरणी मांडतं का? तसा चार इमारतींना मिळून गारव्याचा एकच कारखाना. त्यात चिलर नावाचं एक धिप्पाड यंत्र आहे, ते पाणी गार करतं. ते गार पाणी जमिनीखालच्या पाइपांतून चारही इमारतींत फिरतं, खोल्या थंड करतं आणि तिथली गरमी घेऊन परत येतं. ए इमारत सकाळी तापते, डी इमारत संध्याकाळी, त्यामुळे एकाच यंत्रात दोघींचं भागतं आणि वीजही कमी लागते.

पण परत आलेल्या त्या गरमीचं काय करायचं? इथे माझी एन्ट्री! ती गरमी मी माझ्या पाण्यात घेतो आणि गच्चीवरच्या कूलिंग टॉवरकडे पळतो. टॉवरचा मोठा पंखा बाजूच्या फटींतून वारा ओढून घेतो, पाणी निवतं, टॉवरच्याच तळाच्या टाकीत पडतं आणि जाळीतून गाळून पुन्हा माझ्याकडे येतं. आणि वर जाताना वाटेत मी एक गंमत करतो. शेजारच्या हॉस्पिटलच्या नर्सताईंचं हॉस्टेल आहे, त्यांच्या अंघोळीच्या पाण्याला माझी ऊब देऊन जातो! मग त्यांना ते नावापुरतं तापवावं लागतं. म्हणजे बघा, कॉम्प्युटरवाल्यांचा घाम निघू नये म्हणून काढलेली गरमी थंडीत नर्सताईंच्या बादलीत. आहे की नाही भारी?

माझी माणसंही भारी. सीतारामकाका म्हणजे मुख्य ऑपरेटर, कसबा पेठेतल्या तांब्याची भांडी घडवणाऱ्या घरातले. हातोडीच्या ठोक्यावरून भांडं पक्कं की कच्चं ते ओळखणारा त्यांचा कान. ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. झाली माझी तपासणी! त्यांच्या हाताखाली होती निकिता. वर्ध्याची, आयटीआय झालेली, धायरीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. आमच्या प्लांटरूममधली पहिली मुलगी. कानाला स्क्रूड्रायव्हर कसा लावायचा ते काकांनीच तिला शिकवलं.

आता नीट ऐका हं. साल दोन हजार सहा, खंडेनवमी. त्या दिवशी आमचा थाट विचारू नका! आदल्या दिवशी काकांनी सगळं घासूनपुसून काढलं, माझी जाळीसुद्धा खोलून धुतली. मग हळदकुंकू, नारळ, पेढे. चिलरला हार, मला हार. आणि काका म्हणाले, “वरचा टॉवर बिचारा ऊन-वारा खात उभा असतो, त्याला सगळ्यांत मोठा!” मंडईतून आणलेला झेंडूचा हातभर जाड हार त्यांनी स्वतः गच्चीवर जाऊन टॉवरभोवती गुंडाळला. मी खाली खुशीत गुणगुणत होतो.

दसरा झाला आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं. बुधवारी सकाळी मला काहीतरी व्हायला लागलं. पोटात कोणी गोटे टाकून हलवतंय, असा खडखडाट! पाणी ओढायला जावं तर पुरेसं येईचना. मी गरमी वाहून नेईना, म्हणून चिलर तापला आणि धाडकन बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. पाइपाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या डी इमारतीपर्यंत गारवा पोचेचना, तिथे माणसं फायलींनी वारा घेत बसली. खिडक्या उघडाव्यात, तर त्या काचा उघडतच नाहीत!

गुरुवारी दुपारी बारा वाजता श्यामसुंदरसाहेब खाली उतरले. सगळ्या कँपसची व्यवस्था बघणारे साहेब, कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक जिभेचे.

“वा! इथे तर वरच्यापेक्षा गार आहे,” ते म्हणाले. “मग आपण डी इमारतीतल्या लोकांनाच इथे खुर्च्या टाकून देऊ का?”

“साहेब, बघतोय आम्ही,” काका म्हणाले.

“कालपासून बघताय. बघण्याचा पगार वेगळा असतो का? हे पत्र बघा. डीवाले म्हणतात, आम्हाला या सामाईक भानगडीतून सोडवा, आम्ही आमचे एसी लावतो. डी गेली की बाकीच्या तीन जाणार. चार वाजता त्यांची माणसं सहीला येतायत. तोवर गार झालं तर ठीक. नाहीतर प्लांट बंद. हा हिरवा बैल भंगारात आणि आपण सगळे घरी.”

मित्रांनो, माझं बेअरिंगच थरथरलं! भंगार? मी? अजून सहाच वर्षांचा होतो हो! आणि निकिताचा चेहरा तर पांढराफटक. तिची नोकरी अजून कच्ची होती, आणि ती गेली तर गाशा गुंडाळून वर्ध्याला परत, हे तिने घरच्यांना कबूल केलेलं.

काकांनी कान लावला. “बेअरिंग गेलं असणार,” ते पुटपुटले. “नवं मागवायचं तर दोन दिवस.”

निकिताने स्क्रूड्रायव्हर घेतला, इथे लावला, तिथे लावला. मी आपला जिवाच्या आकांताने खडखडतोय, की बाई, ऐक, ऐक ना!

“काका, बेअरिंग नाही वाटत जी,” ती म्हणाली. “बेअरिंग गेलं की एकसारखी घरघर येते ना? हा खडे चावल्यासारखा करून राहिला. आणि खडखड बेअरिंगपाशी नाही, पाणी आत येते तिकडे जास्त आहे. याला पाणीच पुरत नाही. जाळी तुंबली असंन.”

“अगं, जाळी मी शनिवारी या हातांनी धुतलीय! चार दिवसांत तुंबते होय?”

“उघडून तर पाहू.”

“उघडायची तर सगळा प्लांट बंद करावा लागेल,” साहेब म्हणाले. माझ्या जोडीला दुसरा पंप आणायचं ठरलं होतं ना, ते अजून ठरतच होतं. “ऐन दुपारी चारही इमारती बंद? एक उकडतेय ते पुरे नाही का? या बंदच्या उद्घाटनाला कोणाला बोलावायचं तेही सांगा!”

घड्याळ पुढे चाललेलं, आणि मी उपाशीपोटी रडतोय.

एवढ्यात दार ढकलून कांताबाई आत! नर्सताईंचं हॉस्टेल सांभाळणाऱ्या कांताबाई, पदर खोचलेला, हातात रिकामी बादली.

“काय हो सीतारामभाऊ? कालपासून नळाला गार पाणी! माझ्या पोरी ड्युटीवरून येतात, थंडगार पाण्याने न्हायच्या का त्या? नवस फेडतायत का त्या?”

“जरा थांबा हो बाई, इथे आमच्यावर काय वेळ आलीय...”

“ते दिसतंयच. पूजेचंसुद्धा भान नाही तुम्हाला. आमच्या गॅलरीतून तुमचा तो टॉवर समोरच दिसतो. रविवारी काय गच्च हार होता! आज बघते तर नुसता दोरा लोंबतोय. दसऱ्याचा हार असा बोडका ठेवतात का?”

निकिता वळलीच गर्रकन. “नुसता दोरा? मग फुलं कुठं गेली?”

कांताबाई बादली घेऊन उभ्याच.

“पंखा,” निकिता हळूच म्हणाली. “ऊन लागून झेंडू सुकला. पंखा बाजूने वारा ओढतो, पाकळ्या आत गेल्या, टाकीत पडल्या, अन् तिथून...” तिने माझ्या जाळीकडे बोट केलं.

काका मटकन स्टुलावर बसले. तीस वर्षं यंत्रांची नाडी बघणारा माणूस! मला वाटलं आता म्हणतील, छे, काहीतरीच. निकितानेही मान खाली घातली, कारण ज्यांनी शिकवलं त्यांचीच चूक कशी दाखवायची? पण काका उठले, टोपी सारखी केली आणि साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब, हार मी घातला. पोरीचं बरोबर आहे. अर्धा तास प्लांट बंद ठेवायची परवानगी द्या. जाळीत फुलं नाही निघाली, तर चार वाजायच्या आधी माझा राजीनामा तुमच्या हातात.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, काकांकडे पाहिलं. “पंचवीस मिनिटं,” ते म्हणाले. “आणि राजीनामा शुद्ध मराठीत लिहा, गेल्या वेळचा अर्ज मला वाचता आला नाही.”

धडाधड स्विच पडले आणि मी थांबलो. काय ती शांतता! निकिताने पाना लावला, बोल्ट सुटेना. काकांनी तिच्या हातावर हात ठेवून जोर लावला, कांताबाईंनी बादली खाली धरली. झाकण निघालं, जाळी बाहेर आली आणि... मित्रांनो, अख्खा झेंडू! पिवळ्या-केशरी पाकळ्यांचा नुसता लगदा, शिरा केल्यासारखा. बादली अर्धी भरली! गच्चीवरच्या टाकीतून निकिताने आणखी दोन घमेली काढली.

“इतक्या भक्तीने कोणी पंपाचा गळा दाबल्याचं मी पहिल्यांदाच पाहतोय,” साहेब म्हणाले. पण मिशीतल्या मिशीत हसले, मी पाहिलं!

जाळी बसली, मोटर फिरली आणि पाणी आलं! भरभरून, गडगडून! दोन दिवसांच्या उपाशी माणसासमोर पुरणपोळीचं ताट यावं तसा मी त्यावर तुटून पडलो. खडखड गायब. चिलर घुमायला लागला तो थांबलाच नाही. साडेतीनला डी इमारतीतून फोन आला, काय म्हणाले माहितीये? “जरा कमी करा, गारठलो!”

चार वाजता ती माणसं आली, थंड हवेत बसून चहा प्यायली आणि सही न करताच गेली. राजीनामा लिहायची वेळ काकांवर आलीच नाही. संध्याकाळी त्यांनी आपला लांब स्क्रूड्रायव्हर निकिताच्या खिशात खोचला. “आता तुझा,” एवढंच म्हणाले. ती नको नको म्हणत होती, पण खिशावरचा हात काही काढत नव्हती! पुढच्याच महिन्यात तिची नोकरी पक्की झाली.

खंडेनवमी आम्ही अजूनही करतो हं, पण टॉवरला फक्त हळदकुंकू, आणि फुलं ताटात. निकितामॅडमचा नियमच आहे तसा. आता त्याच मुख्य ऑपरेटर, आणि माझ्या जोडीला दुसरा पंपही आलाय. काम सोपं झालं, आणि गप्पांना सोबत मिळाली. शिवाय पाचवी इमारत आमच्या पाइपाला जोडायचं चाललंय. खणणाऱ्यांच्या कुदळींचा आवाज येतो ना, तेव्हा मला अशी काही हुशारी येते!

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे माझं. तुमच्या घरातला पंखा करकरला, शाळेतला नळ कुरकुरला, की लगेच ‘जुना झाला, टाका’ म्हणू नका. आम्हाला बोलता येत नाही, कण्हता तेवढं येतं. आमची पूजा करा, छान वाटतं, पण वर्षातून एकदाच. बाकीचे सगळे दिवस फक्त एक प्रश्न विचारा: याला काय कमी पडतंय?