दोन ब्रेकांची गाडी

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. मला बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही. खांबाच्या धक्क्याबद्दल म्हणत नाही मी, त्याची मला सवय आहे.

मित्रांनो, कारखान्यातून मी थेट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. माझ्या शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवले होते. आठ वर्षे अनोळखी माणसांनी मला गावातल्या खांबांची ओळख करून दिली. मास्तर वेळेवर त्यांचा ब्रेक दाबत, म्हणून मी आज बोलते आहे. शिकाऊ हात जास्त ठोकतात, त्यामुळे माझा विमा महाग होता. मला त्याचा थोडा अभिमानच वाटे.

मग घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या एका नर्सताईंनी मला विकत घेतले. माझा वर्ग बदलून 'खाजगी वाहन' झाला, विमा स्वस्त झाला. मेकॅनिक जादा पेडले काढायला वाकला, तेवढ्यात ताईंच्या आई म्हणाल्या, "राहू दे रे. माझे पाय नुसतेच बसून असतात."

पेडले राहिली. कागदावर मात्र ती नव्हती.

पुढे सहा महिने ताई मला चालवत आणि आई थांबवत. एकदा चढावर आईंना पडद्यांच्या सेलची पाटी दिसली. त्यांनी ब्रेक समजून क्लच दाबला. ताईंना काय झाले ते कळेपर्यंत मी उलटी घरंगळत खांबाला भेटले. आमची जुनीच ओळख.

कुणाला खरचटलेही नाही. माझी डिकी तेवढी मागच्या सीटवर येऊन बसली. विम्याचे पैसे मिळाले तरच माझी दुरुस्ती होणार होती, नाहीतर ताईंची फेरी पायी.

नुकसान तपासायला विम्याचे सर्व्हेअर आले. आत वाकले आणि तसेच राहिले.

"ताई, इथे दुसरा ब्रेक आहे."

"असू दे की," आई म्हणाल्या.

"खाजगी गाडीला नसतो, मावशी. ही गाडी कुणी शिकवायला वापरतं का?"

ताईंनी 'नाही' म्हणायला तोंड उघडले. पण आईंनी आधीच मान ताठ केली होती. "म्हणजे काय! सहा महिने मीच शिकवतेय हिला."

"आई! मला बारा वर्षं झाली गाडी चालवून!"

"म्हणून तर जड जातंय."

सर्व्हेअरांचे पेन केव्हाच चालू लागले होते.

पत्र आले. विमा खाजगी वाहनाचा, वापर प्रशिक्षणाचा, दावा नामंजूर. मी हादरले. नोकरी सोडून मी घरी बसले होते, आणि एका वाक्यात मला पुन्हा कामावर घेतले होते!

मेकॅनिकने आता पेडले काढली आहेत. मी गॅरेजच्या फाटकाशी उभी असते. मित्रांनो, कागदावरची गाडी आणि दारातली गाडी एकच आहे ना, हे एकदा वाकून बघा. गाडीत काही बदलले, वापर बदलला, तर विमावाल्यांना आधीच सांगा. खांबाला भेटल्यावर सांगून उपयोग नाही.

रोज सकाळी ताई औषधांची पिशवी घेऊन माझ्यासमोरून पायी जातात. शेजारी आई असतात. चौक आला की आई उजवा पाय रस्त्यावर जोरात दाबतात.

आणि मित्रांनो, बारा वर्षे गाडी चालवलेल्या ताई जागच्या जागी थांबतात.