एकतीस नंबरचा तांबेरा

तामलवाडीच्या अलीकडं एका संस्थेनं सहा एकर काळं रान कसायला घेतलं होतं आणि तिथं ज्वारीचे अठ्ठेचाळीस वाण ओळीनं पेरले होते. यातला कुठला वाण तांबेऱ्याला दाद देत नाही, एवढंच शोधायचं होतं. तांबेरा म्हणजे पानावर गंजासारखे लालसर फोड आणणारी बुरशी. ती एकदा चढली की पान वाळतं, कणीस हलकं पडतं, आणि कडब्याला जनावरंही तोंड वाकडं करतात.

सुगतची नोकरी त्या फोडांवर होती. दर आठ दिवसांनी ओळीओळीनं फिरायचं, पानं बघायची आणि वहीत एक ते नऊ गुण लिहायचे. शाळेच्या बरोबर उलटा कारभार, म्हणजे जितके गुण जास्त तितका विद्यार्थी वाया गेलेला. सुगत तिशीचा, शेतीची पदवी घेतलेला, कंत्राटावर दोन वर्षं टिकलेला. त्याचं अक्षर इतकं देखणं होतं की प्रकल्पाचे प्रमुख डॉ. रणधीर, जे धाराशिवच्या ऑफिसातून फोटो काढण्यापुरतेच रानात यायचे, ते वही उघडून नुसते बघत बसायचे. अक्षर असं आहे म्हटल्यावर आकडे चुकतील कसे, असं त्यांचं शास्त्र होतं.

त्या वहीत एकतीस नंबरच्या वाणाला सगळा हंगाम 'एक' पडला होता. डागसुद्धा नाही. डॉ. रणधीरांनी त्याच्यावर निबंध लिहायला घेतला, वाणाला नाव काय द्यायचं याचा विचार सुरू केला, आणि त्यात स्वतःचं नाव कुठं बसतं तेही करून पाहिलं.

रानात माळ्यावर बसून पाखरं हाकणारी दगडाबाई तेवढी अधूनमधून म्हणायची, "सुगत, तुझी एकतीस नंबरची नवरी लई लाजायलीय." सुगतला वाटायचं, म्हातारी चेष्टेखोर आहे. तोही हसायचा आणि 'एक' लिहून पुढं जायचा.

जानेवारीत पाहणीला चौघांची समिती आली. सोबत नुकतीच रुजू झालेली वृषाली नावाची तरुण शास्त्रज्ञ होती. डॉ. रणधीर एकतीस नंबरच्या ओळीपाशी उभे राहिले आणि पाठ त्या ओळीकडं करून पंधरा मिनिटं तिच्याबद्दलच बोलले. समितीतले एक गृहस्थ पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांना भाषणापेक्षा ज्वारीत रस असावा, कारण ते सरळ ओळीत घुसले आणि पलीकडून निघाले तेव्हा त्यांच्या दोन्ही बाह्या विटकरी झाल्या होत्या. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. डॉ. रणधीर म्हणाले, धूळ. माळ्यावरनं दगडाबाई इतकी मोकळी हसली की चिमण्यांचा थवाच्या थवा उठला.

मग डॉ. रणधीरांनी पहिल्यांदा मागं वळून बघितलं, आणि नंतर सुगतकडं.

सुगतनं पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं. त्याला ते पान पानासारखंच दिसत होतं.

"साहेब, स्वच्छ आहे की," तो म्हणाला.

म्हणाला तो अगदी प्रामाणिकपणे. समिती चहा न घेता गेली. डॉ. रणधीरांनी सुगतला लेखी खुलासा मागितला, पंधरा दिवसांत. त्यांचं म्हणणं असं, की हा माणूस लिंबाखाली झोपतो आणि मनाला येतील ते आकडे भरतो. सुगतला ते फार लागलं. पौषाच्या थंडीत दवानं गुडघ्यापर्यंत भिजून त्यानं एकेक ओळ तपासली होती. झोपून लिहायचं असतं तर त्यानं सगळ्यांना पाच दिले असते, कुणालाच राग आला नसता.

दुसऱ्या दिवशी वृषाली रानात एकटीच आली. तिनं काही विचारलं नाही. दोन वाणांची वीस पानं तोडली, एकत्र केली आणि त्याला म्हणाली, रोगट एकीकडं ठेवा, निरोगी एकीकडं. सुगतनं डोळे फाडून दोन ढीग केले. वृषालीनं ते बघितले आणि माळ्यावरच्या दगडाबाईला हाक मारली. दगडाबाईनं खाली उतरून, तंबाखू मळता मळता, एका हातानं ते ढीग मोडून पुन्हा लावले. सुगतची वीसपैकी नऊ पानं चुकली होती.

"आगं बाई," दगडाबाई म्हणाली, "ह्याला खरंच दिसंना."

आठवड्याच्या आत वृषालीनं त्याला धाराशिवला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं रंगीत ठिपक्यांची पानं होती आणि ठिपक्यांत आकडे लपलेले होते म्हणे. पहिल्या पानावर सुगतला बारा दिसला, तेव्हा तो खूश झाला. पुढं काहीच दिसेना. त्यानं डॉक्टरांना नम्रपणे सांगितलं, की तुमचं पुस्तक जुनं झालंय, छपाई उडालीय. डॉक्टरांनी तेच पुस्तक बाहेर बसलेल्या एका पोरीला दाखवलं. तिनं आकडे धडाधडा वाचले आणि कंटाळून परत जाऊन बसली.

रंगांधळेपण. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणं. जन्मापासून असतं, औषध नाही, त्रासही नाही, फक्त माणसानं तांबेरा मोजायच्या नोकरीला लागू नये. निळा मात्र चोख दिसतो. सुगतला हे एकदम पटलं. जयंतीच्या मिरवणुकीतला एकही झेंडा त्याला कधी चुकला नव्हता.

हे कुठून आलं ते बघायला वृषाली त्याच्या घरी गेली. आता सुगतची आई भिमाबाई. घरात जे काही वाईट निघेल ते नवऱ्याच्या घराण्यातून आलंय, असा तिचा पस्तीस वर्षांचा सिद्धांत होता. सुगत लहानपणी उशिरा बोलायला लागला, तो आजोबाचा गुण. त्याला गणित जमेना, ते चुलत्याचं रक्त. नाक तर त्यांचंच. तिचा नवरा आबाराव निवृत्त शिक्षक. त्यांनी आयुष्यभर मुलांना बोलून बोलून घसा झिजवला होता, म्हणून घरात ते गप्प बसायचे.

वृषालीनं कागद मागून घेतला, चौकोन आणि गोल काढले आणि समजावून सांगितलं, की हा दोष मुलाला आईकडून येतो. आईला स्वतःला सगळं नीट दिसतं, पण ती तो पुढं देते. बापाचा यात काही संबंध नसतो.

भिमाबाई म्हणाली, परत सांगा.

वृषालीनं परत सांगितलं. आबाराव इतका वेळ वर्तमानपत्रामागं होते. ते बाहेर आले, चष्मा पुसला, कागद जवळ ओढला आणि म्हणाले, "बाळ, याची एक प्रत मला काढून देता का?"

"तसं असंल तर माझ्या भावालाबी असायला पायजे," भिमाबाई तावातावानं म्हणाली. "त्याला काय झालंय? धडधाकट हाय."

तिचा भाऊ अमरदीप तुळजापुरात मंडप-डेकोरेशनचं दुकान चालवायचा. तरुणपणी तो एसटीत ड्रायव्हर व्हायला गेला होता आणि घेतला गेला नव्हता. का, तर मुलाखतीत त्यानं साहेबाला तोंडावर खरं सुनावलं. ही गोष्ट त्यानं तीस वर्षं इतक्या ठिकाणी सांगितली होती की वस्तीत त्याच्या बाणेदारपणावर भाषणं व्हायची. त्याचे मंडपही प्रसिद्ध होते. एक पडदा लाल, शेजारचा हिरवा, मधेच तपकिरी. लोक म्हणायचे, या माणसाला डिझाइनची नजर आहे.

भिमाबाईनं त्याला फोन करून बोलावलं. तो आला, चहा घेतला, आणि बहिणीनं त्याच्यासमोर दोन ब्लाउजपीस धरले.

"अमर, यातला लाल कुठला?"

अमरदीपनं उजवीकडचा बघितला, डावीकडचा बघितला, मग दाराकडं बघितलं. बसची वेळ झाली म्हणाला. भिमाबाई दारात जाऊन उभी राहिली.

तो खाली मान घालून म्हणाला, "आक्का, मी साहेबाला काय बोललो न्हाय. डोळ्यात नापास झालो. घरी काय सांगावं कळंना, म्हणून ते तसं सांगितलं. एकदा सांगितलं आन् लोकं टाळ्या वाजवायला लागले."

भिमाबाईला राग कुणाचा करावा तेच कळेना. भावाचा, स्वतःच्या रक्ताचा, की कागदावर चौकोन काढणाऱ्या त्या पोरीचा. ती चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसली आणि सगळा राग पिठावर काढला. मामा मात्र हलका झाला होता. त्यानं सुगतला शेजारी बसवून, तू भाजी कशी आणतोस, कच्चं टमाटं कसं ओळखतोस, असले प्रश्न विचारले. दाबून, सुगत म्हणाला. मीपण, मामा म्हणाला. दोघं मग बराच वेळ टमाट्यांवर बोलत बसले.

मामाला स्टँडवर सोडून सुगत परत आला तेव्हा आबाराव ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तिसरीत तू माझ्याच वर्गात होतास, ते म्हणाले. झाडाचं चित्र काढायला सांगितलं होतं. तू खोड हिरवं आणि पानं चॉकलेटी रंगवलीस. मला वाटलं, मास्तरचा पोरगा म्हणून मस्ती करतोय. सगळ्या वर्गासमोर मारलं तुला.

सुगतला ते आठवत नव्हतं. त्यानं तसं सांगितलं. "मला आठवतं," आबाराव म्हणाले आणि उठून आत गेले.

खुलाशाला डॉक्टरांचा दाखला जोडला गेला. डॉ. रणधीरांनी निबंध कपाटात टाकला आणि सुगतला काढायचं ठरवलं. वृषालीनं त्यांना विचारलं, की दोन वर्षं या मुलाला नेमताना आणि त्याच्या वहीवर सही करताना आपण स्वतः एकदा तरी पान बघितलं का, हे समितीला कळवायचं का? डॉ. रणधीरांना काढण्याची तेवढी घाई वाटेनाशी झाली.

पुढच्या हंगामात वृषालीनं नवी रीत लावली. गुण दगडाबाईनं सांगायचे, सुगतनं लिहायचे. दगडाबाई अक्षरही न शिकलेली, म्हणून आधी परीक्षा झाली. अठ्ठेचाळीस ओळींना वृषालीनं स्वतंत्र गुण दिले, दगडाबाईनं स्वतंत्र. पंचेचाळीस जुळले. उरलेल्या तिन्हींवर दगडाबाई अडून बसली आणि भिंगातून बघितल्यावर तिचंच बरोबर निघालं. तिनं वाढीव मजुरी मागितली आणि पाखरं हाकायला दुसरा माणूस लावायला सांगितलं. दोन्ही मान्य झालं.

एकतीस नंबर बाद झाला. टिकला तो चव्वेचाळीस नंबरचा, बुटका, दिसायला अगदी दरिद्री वाण, ज्याला सुगतनं कधी काळी सात गुण दिले होते. तो पुढं पेरायला निवडला गेला. डॉ. रणधीर फोटो काढायला आले, तेव्हा त्यांनी आधी दगडाबाईला बोलावून विचारलं, की नक्की हीच ओळ ना.

"हीच," दगडाबाई म्हणाली. "हिकडं तोंड करून हुबं ऱ्हावा."