वेशीवरची वही

बिरदेवाची मेंढरं वेशीवर अडवली, तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. दीडेकशे मेंढरं रस्ताभर पसरलेली, घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं आणि पुढ्यात गाव सुरक्षा समितीचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा आडवा. गलका ऐकून मी डाळिंबाच्या बागेतनं रस्त्याला आले.

रामहरी समितीचा अध्यक्ष. एका कारखान्याच्या गेटवर पंचवीस वर्षं काढून नुकताच घरी बसलेला. पण गेट काही त्याच्या अंगातनं गेलं नव्हतं. थंडीत गावात दोन चोऱ्या झाल्या आणि समिती निघाली. शिट्ट्या आल्या, चौकात कॅमेरा आला, वेशीवर वही आली. बाहेरच्यानं नाव, गाव, कारण लिहून सही करायची. मुक्काम करायचा तर गावातला जामीन पाहिजे.

"आदार कार्ड हाय की माझ्याकडं," बिरदेव म्हणत होता. "आनि जामीन कशाला, तात्या? तुमच्या थोरल्याच्या लग्नाला बकरं माझंच व्हतं."

"तवा समिती नव्हती," रामहरी म्हणाला.

बत्तीस वर्षं हा माणूस आमच्या रानात मेंढरं बसवत होता. त्याच्या आधी त्याचा बाप. कांदा निघाला की यायचा, पंधरा दिवस राहायचा, आम्ही जवारी आणि गूळ द्यायचो. आमच्या मातीत पाय ठेवला की टाच रुतते, ती त्या लेंड्यांमुळं. आणि त्याची दोन कुत्री. विहिरीशेजारी पाण्याची डोण आहे, तिच्या ओलाव्याला ती रात्रंदिवस पडून असायची. कुणी राखणीला बसवलेली नव्हती. पण तेवढे दिवस विहिरीकडं परकं माणूस फिरकत नसे.

मी सुयोगला, माझ्या लेकाला, म्हटलं, जामीन राहा. तो मान खाली घालून म्हणाला, "उद्या काय इकडंतिकडं झालं म्हंजे, आई? सही माझी ऱ्हायील."

मग मीच राहते म्हटलं. सातबारा माझ्या नावावर आहे. त्यावर रामहरी हसला. "आक्का, घरातला कर्ता मानूस लागतो."

बिरदेवानं घोड्याचं तोंड फिरवलं आणि एवढंच विचारलं, "डोनीवर पानी तेवढं पाजू का?"

"म्होरं कॅनॉलला हाय," रामहरी म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी सुयोग विहिरीवर गेला, तर मोटर नव्हती. केबल दोन्हीकडनं कापून नेलेली. इतकी वर्षं त्याच दिवसांत तिथं कुत्री झोपत होती, हे माझ्या मनात आलं. बाकी कुणाच्या आलं असलं तरी कुणी बोललं नाही. फौजदार आले. विहीर माझ्या नावाची, म्हणजे तक्रारही माझ्या नावानं. जामिनाला मी कर्ती नव्हते, तक्रारीला झाले. सुयोगनं कागद पुढं केला. चष्मा घरी राहिला होता.

"काय लिवलंय?"

"चोरी झाली ती लिवलीया. कर सही."

मी केली.

दोन दिवसांनी बिरदेवाच्या बायकोचा, छबूबाईचा, फोन आला. रडत नव्हती, त्याचंच मला भ्या वाटलं. "आक्का, तुमी नाव दिलं व्हय ओ?" तिच्या नवऱ्याला रानातनं उचलून ठाण्यात नेलं होतं आणि दिवसभर फरशीवर बसवलं होतं. मागं कळप वाऱ्यावर. चार कोकरं उसात शिरली ती घावलीच नाहीत.

सुयोगला विचारलं तर म्हणाला, "संशयिताच्या रकान्यात कोनाचं तरी नाव घालावंच लागतं. रामहरीतात्याच म्हनले, अडवल्याचा राग आसनार त्याला."

नवी मोटर बसेस्तोवर लिंबाएवढी डाळिंबं गळून पडली. मी ती खराट्यानं लोटून बांधावर नेली. सुयोग कपाळाला हात लावून बसला होता. त्याच्याकडं बघून मला कळवळा यायला हवा होता. आला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला दुसऱ्या तालुक्यात एक टोळी सापडली. टेम्पोत अकरा मोटरी, त्यात आमची. रामहरीनं देवळाच्या माइकवरनं समितीच्या दक्षतेचं कौतुक केलं आणि नारळ फोडला. मी तिथंच विचारलं, बिरदेवाला कुणी सांगितलं का.

"त्याला काय सांगायचं? सोडलाय की त्याला," रामहरी म्हणाला.

मग मी एस.टी.नं कोऱ्हाळ्याला गेले. तिथनं माळावर त्याचं बिऱ्हाड उतरलं होतं, तिथवर चालत. बिरदेव लोकर कातत बसला होता. मला बघून उठला नाही. छबूबाईनं चहा दिला. चोर सापडल्याचं मी सांगितलं. मग म्हटलं, सही माझीच होती, पण तक्रार वाचली नव्हती.

त्यानं चाती फिरवली, सूत गुंडाळलं. "वाचली आसती तर सही केली नसती, त्ये ठावं हाय मला. पन ठान्यात माझ्याम्होरं कागद धरला, त्याच्यावर तुमचंच नाव व्हतं, आक्का."

पुढच्या साली याल ना, असं मी विचारलं.

"आता वाट बदललीया आमी."

थोरलं कुत्रं आलं, माझे पाय हुंगले आणि पायावरच हनुवटी टेकून पडलं. बिरदेवानं त्याला माघारी बोलावलं नाही, तेवढंच.

उन्हं कलताना गावात आले. वेशीवर वही घेऊन संदेश बसलेला. त्याच्या आईचं बाळंतपण मी केलेलं. तो अवघडून म्हणाला, "आक्का, चोर घावल्यापास्नं गावातल्यांनी पन लिवायचं ठरलंय. कुठनं आला, आनि कशापायी?"

"लिही," मी म्हटलं, "चोराला भेटाया गेलते. तितं कुनी चोर नव्हता."

त्याचं पेन थांबलं. त्यानं मागं चौकातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि खाली मान घालून काहीतरी लिहिलं. वही माझ्याकडं सरकवली. या वेळी चष्मा होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : खासगी.

मी नीट वाचलं. आणि सही केली.